गोल कचेरीत शाळा परत कशी आली

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, नगरपालिकेचे शिक्षण सभापती माननीय भोजराजजी; प्रमुख पाहुणे, माजी नगराध्यक्ष आणि वारसा जतन समितीचे संस्थापक माननीय विनोदभाऊ; समितीचे सचिव, निवृत्त प्राध्यापक माननीय तुलारामजी; ज्यांची नावं कार्डावर होती ते, आणि नव्हती तरी ज्यांना व्यासपीठावर खुर्ची मिळाली ते सर्व मान्यवर; माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी. सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मघापासून माझ्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. रामटेके बाई शांत स्वभावाच्या, बाई कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत, असं जवळपास प्रत्येकाने सांगितलं. आमच्या एका सहकाऱ्यांनी तर माझ्यावर स्वतः रचलेली कविता वाचली. चांगली होती. त्याच सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर सही केली होती, तीही अशीच वळणदार होती. असो. आज संध्याकाळी मी नोकरीतून मोकळी होते आहे. तेव्हा थोडं कमी शांत बोलण्याची परवानगी अध्यक्षांकडे मागते. नाही मिळाली तरी बोलणार आहे, पण विचारण्याची रीत असते.

आणि बोलायचं कारणही विनोदभाऊंनीच दिलं. भाऊ आत्ता म्हणाले, "ही शाळा मी वाचवली. ही गोल कचेरी मी या गावच्या लेकरांना परत मिळवून दिली." टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत असेही होते, ज्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय. मी विचार केला, आपण असंच हात जोडून घरी गेलो तर पुढच्या वर्षी हे वाक्य शाळेच्या अहवालात छापून येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाचवीच्या मुलांना निबंधाला पडेल. म्हणून काय घडलं ते सांगते. भाऊ, आपण निवांत बसा, चहा येऊन राहिला आहे.

ही इमारत इंग्रजांच्या काळातली. चुन्याविटांच्या भिंती, सागाच्या तुळया, पुढचा भाग अर्धगोल, म्हणून नाव गोल कचेरी. बाहेरगावचे पाहुणे येतात, कमानींकडे मान वर करून पाहतात आणि म्हणतात, वा, काय दिवस होते ते. काय दिवस होते, ते मी सांगते. माझे वडील मंगरू रामटेके विड्या वळत. तेंदूपानाच्या एका भांडणात त्यांना साक्षीला इथे बोलावलं होतं. आतून चपराशाने नाव पुकारलं आणि माझ्या वडिलांची साक्ष उंबऱ्याबाहेर उभं करून घेतली गेली. साहेब आत पंख्याखाली, आणि हे बाहेर पायरीवर, मोठ्याने ओरडून उत्तरं देत. स्वातंत्र्यानंतर कचेरी गेली, नगरपालिकेची शाळा आली. पाचवीत माझं नाव घालायला वडील मला इथवर घेऊन आले आणि दाराशीच थांबले. मी म्हटलं, "बाबा, या नं आत." तर म्हणाले, "तू जाय. मी इथूनच पायतो. मले आत जायाची सवय नाही."

तेव्हा वारसा हा शब्द माझ्यासमोर कुणी फार चघळू नये. या इमारतीत जे जपण्यासारखं आहे, ते ती कचेरी असताना नव्हतं. शाळा झाल्यावर आलं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा जंगलाचा मोठा भाग तिकडे गेला, पर्यटक तिकडे गेले, आणि आपल्याकडच्या पुढाऱ्यांना मिरवायला काही उरलं नाही. ही हळहळ त्यांना पुष्कळ वर्षं पुरली. शेवटी विनोदभाऊ नगराध्यक्ष असताना कुणीतरी त्यांना सांगितलं, भाऊ, तुमच्याकडे गोल कचेरी आहे, तिला वारसास्थळ करा, मुंबईहून निधी येतो. भाऊंनी तोवर ही इमारत फक्त मतमोजणीच्या दिवशी आतून पाहिलेली. पण निधी म्हटल्यावर त्यांना तिच्या कमानी एकदम सुंदर दिसायला लागल्या. समिती स्थापन झाली. नागपूरहून एक वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी भिंतींवर हात फिरवला, तुळया मोजल्या, आणि पाढे म्हणणाऱ्या पाचवीच्या वर्गाकडे बोट दाखवून विचारलं, "हे इथून कधी हलणार?"

हे म्हणजे आपली मुलं.

मला सांगण्यात आलं, दुरुस्ती होईपर्यंत शाळा तात्पुरती हलवायची. कुठे, तर हायवेपलीकडे, बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात. मी लेखी कळवलं, की आमची बहुतेक मुलं तळ्याकाठच्या मासेमार ढिवर मोहल्ल्यातली आणि बौद्ध वॉर्डातली आहेत, दोन्ही वस्त्या हायवेच्या अलीकडे आहेत, लेकरांना रोज ट्रकांमधून रस्ता ओलांडावा लागेल. तुलारामजींनी मला समितीत बोलावून घेतलं. प्राध्यापक माणूस, आवाज अगदी गोड. म्हणाले, "बाई, तुम्ही भावनिक होऊ नका. शाळा काय, कुठेही भरेल. असा दरबार हॉल दुसरा कुठे मिळेल?" मी म्हटलं, "सर, दरबार इथे कधी भरलाच नाही. इथे फौजदारी खटले चालायचे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या घरच्या लग्नात शिंकले. कार्यक्रमपत्रिकेत पुढेही दरबार हॉलच छापलं गेलं. आजच्या कार्डावरही तेच आहे, पाहून घ्या.

आम्ही गोदामात गेलो. धानाचं गोदाम कसं असतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. खिडकी नाही, वर टिनाचं छप्पर, कोपऱ्यात जुना कोंडा, आणि उंदीर असे की मुलांच्या डब्याला आमच्याआधी त्यांची हजेरी. मुलं तरीही आली. आमच्या शाळेतले जीवन सर रोज सकाळी हायवेवर उभे राहून हात दाखवत, मुलांना पार करून देत. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर धानाची आवक सुरू झाली. लाखनीकडून, शहापूरकडून ट्रक आणि ट्रॅक्टरची रांग लागली. एका सकाळी जीवन सर मुलांची एक तुकडी पलीकडे सोडायला गेले आणि मागे राहिलेल्या पोरी रस्त्याच्या कडेला थांबल्या. धानाने भरलेली एक ट्रॉली रिव्हर्स घेत मागे येत होती. सातवीतली खुशबू, ढिवर मोहल्ल्यातल्या सखाबाई मेश्राम यांची मुलगी, तिचा पाय त्या ट्रॉलीच्या चाकाखाली आला.

सरांनी तिला उचललं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तिला नागपूरला पाठवलं. मी तिथल्या मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात बसले होते. सखाबाई आली ती थेट बाजारातून, पदराला मासोळीचा वास. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून ती मलाच म्हणाली, "बाई, तुम्ही नका रडू. तुम्हीच रडून राहिल्या तं पोट्टी भिऊन जाईन." मग आत गेली. पाय वाचला, पण आखूड राहिला.

इकडे समितीची तातडीची बैठक झाली. तातडी कशाची होती? फरशीच्या पॉलिशचा रंग ठरवायचा होता. त्याच बैठकीत अपघाताबद्दल तीव्र दुःख व्यक्त करण्यात आलं आणि हायवेवर फलक लावायचं ठरलं. फलक लागला. 'पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा' ही अक्षरं खाली, बारीक. वर विनोदभाऊंचा हसरा फोटो, माणसाहून मोठा. ट्रकवाल्यांना वाटायचं, भाऊंचा वाढदिवस आहे. भाऊ स्वतः शाल आणि नारळ घेऊन सखाबाईच्या घरी गेले, सोबत फोटोग्राफर. पोरीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि हे तिच्या अंगावर शाल पांघरून राहिले होते. सखाबाईने शाल घडी करून परत दिली. एवढंच म्हणाली, "भाऊ, हे कायले आणली? पोट्टीले शाळेत न्यायची सोय करा." फोटोग्राफरने तो फोटो काढला नाही.

सोय झाली नाही. पॉलिश मात्र झालं.

दुरुस्ती संपली तेव्हा मी विचारायला गेले, शाळा कधी परत आणू? तेव्हा कळलं, शाळा परत येणारच नाही. इथे संग्रहालय होणार. उद्घाटनाला मंत्रीमहोदय येणार होते. मुलांनी स्वागतगीत म्हणावं, अशी मला सूचना आली. सूचनेत लिहिलं होतं, मुलं स्वच्छ आणावीत. चपला बाहेर काढाव्यात. गीत झाल्यावर मुलांना त्वरित परत न्यावं.

मी मुलांना घेऊन आले. त्यांच्या आयाही आल्या, कारण अपघातानंतर त्या पोरांना एकटं रस्ता ओलांडू देत नव्हत्या. मुलांनी गीत म्हटलं. मंत्र्यांनी फीत कापली. मग सगळे या हॉलमध्ये आले, आपण आत्ता बसलोय तिथेच, आणि आम्ही पाहिलं.

या हॉलमध्ये शाळा भरलेली होती. फायबरची. पगडी घातलेले गुरुजी, समोर मांडी घालून बसलेली टोप्यांची, शेंड्यांची मुलं, हातात पाट्या. फळ्यावर वळणदार अक्षरात श्रीगणेशा. बाजूला पाटी, 'जुन्या काळातील शाळा'. ज्याला वर्गाबाहेर बसवलं जायचं ते मूल त्यात कुठे नव्हतं, आणि मुलगी तर एकही नव्हती. मंत्री म्हणाले, "किती जिवंत वाटतात." तुलारामजी म्हणाले, "सर, कलाकार खास कोलकात्याहून बोलावले."

आमची जिवंत मुलं अनवाणी, दाराशी दाटीवाटीने उभी. आपल्याच वर्गात बसलेल्या त्या बाहुल्यांकडे पाहत. सखाबाई माझ्या शेजारी होती. ती मला हळूच म्हणाली, हळूच म्हणजे मंत्र्यांना ऐकू जाईल इतकं, "बाई, आमचे पोट्टे गोदामात अन् हे बाहुले इथं काहून? यायले कोन्ती परीक्षा देयाची हाय?"

मंत्री हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग सगळे जेवायला गेले. पनीरची भाजी होती असं ऐकलं.

मी मुलांना ओळीने उभं केलं. गोदामात परतायचं होतं. आणि सखाबाई दारात बसली. ठाम, मांडी घालून, उंबऱ्यावर. म्हणाली, "नाही बाई. आता माया डोळ्यापुढं एकही लेकरू तो रोड पार करत नाही."

मी म्हटलं, "सखाबाई, मला वरून आदेश आहे."

"तं तुम्ही जा. लेकरं इथंच राह्यतीन."

दुसऱ्या आया तिच्या बाजूला बसल्या. बौद्ध वॉर्डातल्या आनंदाबाई होत्या, बाकीच्या ढिवर मोहल्ल्यातल्या. आणि लक्षात घ्या, सखाबाईची खुशबू त्या रांगेत नव्हती. ती घरी खाटेवर होती. ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बसली होती.

मी मुलांना म्हटलं, आत चला, बसा. मुलं बसली, त्या बाहुल्यांच्या मधे जिथे जागा मिळेल तिथे. मी फळ्याजवळ गेले आणि गुरुजींच्या हातातला खडू घ्यायला गेले, तर तो खडूही फायबरचा निघाला. ही त्या समितीच्या शिक्षणप्रेमाची पूर्ण व्याख्या. सुदैवाने आयुष्यभर शिकवलेल्या बाईच्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. मी श्रीगणेशा पुसला आणि अपूर्णांकांची बेरीज लिहिली.

पनीर खाऊन तुलारामजी परत आले. दारातल्या बायकांकडे पाहून ते आधी मोबाईल शोधायला लागले. मग मला म्हणाले, "बाई, मुलांना आता न्या. पॉलिश ताजं आहे."

मी म्हटलं, "सर, तास चालू आहे. मधे बोलायचं असेल तर हात वर करा."

अध्यक्षमहाराज, हे वाक्य मी त्यांना बोलले, ते मला आजही गोड लागतं. त्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. शिस्तभंग, शासकीय कार्यक्रमात अडथळा, आणि वारसा वस्तूची विटंबना. विटंबना म्हणजे कुणा मुलाने एका बाहुलीच्या टोपीवर दप्तर अडकवलं होतं. आमच्यापैकी बऱ्याच शिक्षकांनी लिहून दिलं की बाईंनी आम्हाला न विचारता हे केलं. खरंच आहे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी बदलीचे अर्ज आधी लिहिले असते.

दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप. आम्ही व्हरांड्यात शाळा भरवली, माझे वडील जिथे साक्ष द्यायला उभे होते त्याच पायऱ्यांवर. पोलीस आले. साहेबांनी विचारलं, "नेता कोण आहे?" आनंदाबाई म्हणाल्या, "नेता नाही साहेब, शाळा चालू हाय." साहेब जरा वेळ उभे राहिले, आठवीचा इतिहासाचा धडा ऐकला, आणि शिकणाऱ्या मुलांना मी कोणत्या कलमाखाली उठवू, असं समितीलाच विचारून निघून गेले. त्या सगळ्या प्रकरणात पदावरच्या माणसाने बोललेलं शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य.

उन्हं तापली तरी व्हरांड्यातली शाळा थांबली नाही. बाया पाळीपाळीने येऊन बसत. कुणी विड्यांचं सूप घेऊन, कुणी फाटलेलं जाळं विणत. सखाबाई बाजार आटोपून येई, रिकामी टोपली बाजूला ठेवी आणि भिंतीला टेकून मुलांचं वाचन ऐके. बाहेरगावचे लोक संग्रहालय पाहायला येत, त्यांना कुलूप दिसे आणि बाहेर वर्ग दिसे. नागपूरच्या एका पेपरात फोटो आला. आणि मग नगरपालिकेची निवडणूक आली.

तेव्हा विनोदभाऊंना एका सकाळी लेकरांची आठवण झाली. भाऊ बॅण्ड घेऊन आले. स्वतःच लावलेलं कुलूप स्वतःच्या हाताने उघडलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "शिक्षणाच्या आड कुणी आलं तर मी सहन करणार नाही." मी शेजारीच उभी होते. आजवर इतकी नाटकं बसवली, पण इतका निर्लज्ज नट माझ्या हाताला लागला नाही. दारावर लगेच संगमरवरी पाटी लागली, शाळेची पुनर्स्थापना माननीय विनोदभाऊ यांच्या शुभहस्ते. त्यावर सखाबाईचं नाव नाही. तिला त्याचं काही नाही. मला आहे. बाहुल्या समितीच्या कार्यालयात गेल्या. त्यातली एक भाऊंच्या फार्महाऊसच्या फाटकाशी उभी आहे म्हणतात. तिथे ती शोभते. ऐकून घेते, उत्तर देत नाही, भाऊंना अशीच मुलं आवडतात.

आता शाळा वाचली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, तर हेही ऐका. शाळा आत आली त्या आठवड्यात मी खुशबूला आणायला तिच्या घरी गेले. ती तळ्याच्या काठावर बसून मासोळ्या निवडत होती. मी म्हटलं, "चल पोरी, तुझा वर्ग परत मिळाला." तिने पाय पदराखाली, म्हणजे ओढणीखाली ओढून घेतला. म्हणाली, "बाई, माया संगच्या पोट्ट्या पुढं गेल्या. मी आता लहानायमधी बसू? पायऱ्याबी लय उंच हायत तिथल्या."

मी पुष्कळ समजावलं. मी उतरती पायवाट करून घेते म्हटलं. समितीकडे मागणी केली, तर उत्तर आलं, वारसा इमारतीच्या दर्शनी भागात बदल करता येत नाही. मी तीन वेळा गेले, जीवन सर गेले. खुशबू आली नाही. ती आज आईसोबत बाजारात बसते. हिशोब तोंडी करते, पटकन करते. मी मासोळी तिच्याकडूनच घेते. ती मला अजून बाई म्हणते, आणि दर वेळी मला वाटतं, की हा शब्द माझ्याकडून परत घेतला तरी तिचं चुकणार नाही.

तर विनोदभाऊ, शाळा कुणी वाचवली ते आपण ठरवून सांगितलं. एक मुलगी कुणी घालवली, तेही कधी सांगा. तुलारामजी, आपल्यालाही विचारते आहे, आपण सचिव आहात, नोंद घ्या. उत्तर आज नको. आपल्याला भाषणाची तयारी लागते हे मला माहीत आहे.

सखाबाईला मी आजचं बोलावणं स्वतः दिलं होतं. म्हणाली, "आज बाजार हाय बाई, जमत नाही." बरोबर आहे. तिला तिचं काम आहे.

आभार मानायचे ते मानते. जीवन सरांचे, ज्यांनी माझ्या बाजूने लिहून दिलं आणि वेतनवाढ गमावली. आनंदाबाईंचे, त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. पुढे पाहुण्यांना जागा हवी म्हणून त्यांना मागे नेलं. उंबऱ्यावर बसलेल्या प्रत्येक आईचे. या मुलांचे, ज्यांनी मला रोज सकाळी उठायला कारण दिलं. आयोजकांचे, शालीबद्दल, ती मी घडी करून टेबलावर ठेवली आहे. बोलताना माझ्याकडून काही सांगायचं राहिलं असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर त्या राहिलेल्याबद्दल मला क्षमा करा. जास्त बोलले असं कुणाला वाटत असेल, तर त्याची क्षमा मी मागत नाही.

आणि एक शेवटचं, मुख्याध्यापिका म्हणून. भाऊंना संध्याकाळी लग्नाला जायचं म्हणून हा समारंभ शाळेच्या वेळात ठेवला गेला. त्यासाठी सहावी आणि सातवी सकाळपासून बाहेर व्हरांड्यात, उन्हात बसली आहे. जेवण मागच्या अंगणात आहे. कृपया आता उठा. खुर्च्या मुलांना उचलायला लावू नका, ज्याने त्याने आपली उचलून बाहेर न्यावी, व्यासपीठावरच्यांनीसुद्धा. संध्याकाळपर्यंत मी नोकरीत आहे आणि माझा सातवीवर तास आहे.

सातवी, आत या.